डिस्क पॅड बदलायला दहा मिनिटं, पिना साफ करायला पाऊण तास

मोटरसायकलच्या पुढच्या डिस्क ब्रेकचे पॅड बदलणं हे काम फारच सोपं आहे, आणि गोम तिथेच आहे. दोन बोल्ट, एक पिन, जुने पॅड बाहेर, नवे आत. गॅरेजमध्ये चहा येईस्तोवर गाडी तयार. पण पॅड वेळेआधी का संपले, एकच बाजू का घासली, चाक हाताने फिरवलं तर जड का जातं, या सगळ्याची उत्तरं कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, ज्यांवर सरकतो त्या पिनांत आणि पॅडला ढकलणाऱ्या पिस्टनवर बसलेल्या काळ्या थरात असतात. तिथे हात न लावता नवे पॅड टाकले तर तेही जुन्यांच्याच वाटेने जातात. मजुरी वाचते म्हणून हे काम घरी करू नका, ती तशी फार नसतेच. साफसफाई नीट व्हावी म्हणून करा.

नागपुरात ती जास्तच लागते. उन्हाळाभर सिमेंट रस्त्यांवरची आणि कुठे ना कुठे चाललेल्या खोदकामाची धूळ कॅलिपरमध्ये जाऊन बसते. जूनमध्ये पाऊस आला की त्या धुळीचा आणि पॅडच्या भुकटीचा चिखल होतो, आणि उघडीप मिळाली की तोच पिनांभोवती वाळून घट्ट बसतो. म्हणून पॅड संपलेले नसले तरी मेअखेरीस एकदा आणि पोळा सरून पाऊस ओसरला की एकदा कॅलिपर उतरवून साफ करावा, असं माझं मत आहे.

पॅड किती उरलेत हे बघायला काहीच खोलावं लागत नाही. मोबाईलचा टॉर्च लावून कॅलिपरच्या पुढच्या किंवा खालच्या फटीतून बघा. पोलादी पाटी, तिच्यावर घासला जाणारा थर आणि मध्ये डिस्क, असं दिसेल. नवा थर साधारण ४ ते ५ मिमी असतो. पुष्कळ पॅडवर खाच असते, ती दिसेनाशी झाली की पॅड संपला. खाच नसेल तर १ मिमी ही शेवटची हद्द धरा, पण २ मिमीवरच नवे पॅड आणून ठेवलेले बरे. दोन्ही पॅड बघा. बाहेरचा सहज दिसतो आणि लोक तेवढंच बघून "अजून चालते भाऊ" म्हणतात, आतला मात्र पाटीपर्यंत आलेला असतो. ब्रेक लावल्यावर लोखंडावर लोखंड घासल्याचा खर्र आवाज येऊन राहिला असेल, तर उशीर झालाय. आता डिस्कवरही चऱ्या पडल्या असतील, आणि डिस्क पॅडच्या कितीतरी पट महाग असते.

दुसरी खूण हँडलवरच्या ब्रेक ऑईलच्या डबीत दिसते. पॅड झिजतात तसे पिस्टन बाहेर सरकतात, त्यांच्या मागची जागा ऑईल भरून काढतं आणि डबीतली पातळी हळूहळू उतरते. ही गळती नव्हे. पण सर्व्हिसिंगच्या वेळी कोणीतरी पातळी कमी दिसली म्हणून वरून भरून ठेवतो. मग नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले की तेच ऑईल डबीतून उसळून टाकीवर येतं. ब्रेक ऑईल रंग खातं, अक्षरशः. थेंब पडलाच तर पुसत बसू नका, आधी भरपूर पाणी ओता. पाण्याचा मग शेजारी भरूनच ठेवा.

दुकानात जाताना मॉडेल, वर्ष आणि एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे की नाही, एवढं सांगता आलं पाहिजे. एकाच नावाच्या गाडीला वेगवेगळ्या वर्षी वेगळे कॅलिपर आलेले असतात. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, तेव्हाही काही मॉडेलचे ब्रेक बदलले. कॅलिपरवरचं नाव वाचून घ्या: बायब्रे, निस्सिन, एन्ड्युरन्स, जे असेल ते. शंका असेल तर आधी कॅलिपर उतरवून जुना पॅड सोबत न्या आणि पाटीचा आकार, कान आणि पिनेची भोकं ताडून बघा. साध्या १२५ ते १६० सीसीच्या गाडीचे पॅड काहीशे रुपयांत मिळतात, एका पाकिटात एका कॅलिपरची जोडी. एकच पॅड बदलू नका, जोडीच बदला.

ऑरगॅनिक की सिंटर्ड, हा प्रश्न दुकानदार विचारणार नाही, पण तुम्ही विचारा. ऑरगॅनिक मऊ असतात, आवाज कमी करतात, डिस्क सांभाळतात, पण लवकर झिजतात. सिंटर्डमध्ये धातूची भुकटी दाबून भाजलेली असते. ते पावसात आणि तापल्यावरही पकड धरतात, पण डिस्क जास्त खातात. गाडीला कंपनीकडून जे आले तेच घ्या. सीताबर्डी ते हिंगणा रोजची ये-जा करणाऱ्याला ऑरगॅनिकपेक्षा जास्त काही लागत नाही.

बाकी सामान असं: पॅडच्या पिनेसाठी बहुतेक गाड्यांना ५ मिमीची एलन की, कॅलिपरच्या बोल्टसाठी १२ किंवा १४ चा गोटी पाना, ब्लीडिंग निप्पलसाठी (कॅलिपरवरचं ऑईल आणि हवा बाहेर काढायचं तोंड) ८ चा रिंग पाना, पक्कड, चपट्या तोंडाचा पेचकस. ब्रेक क्लीनरचा डबा, सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब, ब्रेक ऑईलची सीलबंद लहान बाटली (डबीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकाराची, डॉट ३ किंवा डॉट ४), जुना टूथब्रश, ६०० नंबरचा पॉलिश पेपर, सुती फडकी, आणि मेडिकलमधून १० मिलीची सिरिंज. तोंडाला मास्क हवाच. कॅलिपरमधली भुकटी फुंकर मारून किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. स्वस्त पॅडमध्ये काय काय भरलेलं असतं ते पाकिटावर लिहिलेलं नसतं. आधी ओलं करा, मग पुसा.

गाडी सावलीत सपाट जागी लावा. मे महिन्यात गच्चीवर किंवा अंगणात उन्हात उभ्या गाडीच्या कॅलिपरला हात लागत नाही, आणि नुकतीच चालवून आणलेल्या गाडीला तर अर्धा तास द्याच. ब्रेक क्लीनर पेट घेतो, हेही लक्षात असू द्या. डबल स्टँड नसेल तर साइड स्टँड चालतं. चाक काढायचं नाही, फक्त गिअर टाकून ठेवा. टाकीवर ओलं फडकं घाला.

पहिली युक्ती: कॅलिपर फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांना) घट्ट बसलेला असतानाच पॅडची पिन सैल करून घ्या. काही कॅलिपरवर पिनेच्या तोंडाशी चपट्या खाचेचं बूच असतं, ते आधी पेचकसाने निघतं. कॅलिपर हातात आल्यावर पिन सोडवायला गेलात तर एका हाताने तो धरायचा आणि दुसऱ्याने जोर लावायचा, त्यात एलन कीचं तोंड गोल होतं. पिनेच्या तोंडात माती भरलेली असेल तर आधी सुईने उकरा, की पूर्ण आत बसू द्या, मगच फिरवा. काही गाड्यांना पिनेऐवजी दांडी आणि तिला अडकवलेली क्लिप असते. ती पक्कडीने ओढताना उडते, म्हणून वरून बोट ठेवा.

आता दोन मोठे बोल्ट काढा. कॅलिपर डिस्कवरून सोडवण्याआधी त्याला डिस्कच्या दिशेने हलकेच आत-बाहेर हलवा, पिस्टन थोडे मागे जातात आणि तो सहज निघतो. निघालेला कॅलिपर ब्रेकच्या होजवर (ऑईलच्या नळीवर) लोंबकळत ठेवू नका, तारेने किंवा दोरीने फोर्कला बांधा. आणि इथून पुढे ब्रेकचा लिव्हर कोणी दाबणार नाही याची व्यवस्था करा. घरात लहान मुलं असतील तर हे वाक्य दोनदा वाचा.

पॅड काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. आतली पत्र्याची स्प्रिंग कोणत्या तोंडाने बसली आहे, पॅडच्या मागे शिम (पातळ पत्रा) आहे का, हे नंतर आठवत नाही.

जुने पॅड लगेच फेकू नका, आधी वाचा. बहुतेक गाड्यांना तरंगता कॅलिपर असतो. पिस्टन एकाच बाजूला असतात, ते आपल्या बाजूचा पॅड डिस्कवर दाबतात, आणि त्या दाबाने सगळा कॅलिपर दोन स्लाइड पिनांवर सरकून पलीकडच्या पॅडलाही डिस्कवर ओढतो. हे सरकणं बंद पडलं की पिस्टनकडचा पॅड एकटाच काम करतो आणि एकटाच झिजतो. म्हणून पिस्टनकडचा पॅड संपलेला आणि पलीकडचा निम्मा शिल्लक, असं दिसलं तर पिना जाम होऊन राहिल्या आहेत. एकच पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ, म्हणजे पाचरीसारखा झिजला असेल, तर दोनपैकी एक पिन अडकली असावी किंवा स्प्रिंग उलटी बसली असावी. दोन्ही पॅड सारखे पण फार लवकर संपले असतील तर पिस्टन मागे जात नाही आणि ब्रेक कायम किंचित लागलेला राहतो. पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झाला असेल तर पॅड तापून मेला आहे, तो घासून परत वापरायचा नाही. आणि थर ओलसर, काळपट दिसला तर फोर्कच्या ऑईल सीलकडे किंवा कॅलिपरच्या सीलकडे बघा. गळती न शोधता नवे पॅड टाकलेत तर चार दिवसांत तेही तेलकट होतील.

मोठ्या गाड्यांच्या दोन्ही बाजूंना पिस्टन असलेल्या कॅलिपरमध्ये स्लाइड पिना नसतातच. तिथे सगळं लक्ष पिस्टनवर द्या.

स्लाइड पिनांचं काम असं. ब्रॅकेट, म्हणजे कॅलिपर ज्याच्यावर सरकतो ती चौकट, कॅलिपरपासून ओढून वेगळा करा. पिना बाहेर येतील, त्यांच्यावर रबरी बूट असतील. जुनं ग्रीस बहुधा मेणासारखं घट्ट किंवा तपकिरी झालेलं असतं. ते भोकातूनही पूर्ण काढा, इअरबड चालतो. पिनेवर गंज असेल तर पॉलिश पेपरने हलकेच घासा, खड्डे पडले असतील तर पिन बदला. मग सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर लावा. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. बेअरिंगचं किंवा चेनचं ग्रीस लावू नका. त्यातलं खनिज तेल ब्रेकच्या रबराला फुगवतं, फुगलेला बूट पिनेला आवळतो आणि पिन आधीपेक्षा घट्ट होते. फार ग्रीस भरलं तरी फसगत होते. भोक एका बाजूने बंद असतं, आत हवा आणि ग्रीस कोंडतं आणि पिन ढकलली की परत उसळते. पिन बसवताना बुटाची कड बोटाने उचलून कोंडलेली हवा जाऊ द्या. शेवटी कॅलिपर ब्रॅकेटवर दोन बोटांनी सरकला पाहिजे. जोर लागत असेल तर परत खोला.

आता पिस्टन. मागे ढकलण्याआधी त्यांना आधी थोडं बाहेर काढायचं असतं. ऐकायला उलटं वाटतं, पण पिस्टनचा जो भाग बाहेर आहे त्यावर भुकटी आणि गंजाचा थर आहे. तो तसाच आत ढकलला तर घाण धुळीचं सील ओलांडून मुख्य सीलपाशी जाते. त्या मुख्य सीलचं काम फार सुंदर आहे. त्याचा छेद चौकोनी असतो. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे जाताना सीलला थोडं पिळवटतो, लिव्हर सोडला की सील मूळ आकारात येताना पिस्टनला किंचित मागे ओढतं. डिस्क ब्रेकमध्ये पिस्टन मागे घ्यायला वेगळी स्प्रिंग नसते, सगळी मदार या रबरावर. पिस्टन घाणीने चिकट झाला की सीलला तो मागे ओढता येत नाही, आणि पॅड डिस्कला घासत राहतो.

तर कॅलिपरच्या मध्ये साधारण १० मिमी जाड लाकडी पट्टी धरा आणि लिव्हर अगदी सावकाश दाबून पिस्टन आणखी ३ ते ४ मिमी बाहेर आणा. त्याहून जास्त नाही. पट्टी नसेल तर पिस्टन पूर्ण निघून येतो, ऑईल सांडतं आणि दहा मिनिटांच्या कामाचा दिवस होतो. दोन पिस्टन असतील तर एक लवकर येतो, दुसरा हलत नाही. आलेल्याला अंगठ्याने अडवा म्हणजे दुसरा निघेल. साबणाच्या पाण्याने आणि टूथब्रशने पिस्टनची सगळी गोलाई घासा, मागची बाजू फडक्याची चिंधी फिरवून. पेट्रोल, रॉकेल किंवा डिझेल इथे चालणार नाही, कारण तेच, रबर फुगतं. पुसून झाल्यावर पिस्टनवर ताज्या ब्रेक ऑईलचं बोट फिरवा.

डबीचं झाकण उघडा. त्या दोन स्क्रूंच्या खाचा मऊ असतात आणि लगेच झिजतात, म्हणून नेमक्या मापाचा पेचकस घ्या आणि दाबून धरून फिरवा. सिरिंजने थोडं ऑईल काढून घ्या. मग जुना पॅड पिस्टनवर आडवा ठेवून हाताने किंवा चपट्या पट्टीच्या आधाराने दोन्ही पिस्टन एकदम, सरळ रेषेत, हळू मागे ढकला. ऑईल काळं पडलं असेल, आणि गाडीला एबीएस असेल तर खासकरून, निप्पलला पारदर्शक नळी लावून ते पाव वळसा सैल करा आणि पिस्टन ढकला. घाण ऑईल नळीतून बाटलीत जाईल, एबीएसच्या बारीक वाटांमध्ये परत जाणार नाही. ढकलून झालं की हात ढिला करण्याआधी निप्पल बंद. अंगठ्याच्या जोराने पिस्टन जात नसेल आणि अवजाराने ठोकावं लागत असेल, तर आत गंज आहे. तिथे थांबा. सील किट टाकून कॅलिपर पूर्ण खोलायचं ते काम आहे, ते गॅरेजचं.

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, "मिन टीएच" या अक्षरांपुढे ३.५ किंवा ४ असा काही आकडा. व्हर्नियरने घासल्या जाणाऱ्या भागाची जाडी मोजा, कडेची नाही, कारण कडेला न झिजलेली कंगोरी असते. आकड्याच्या खाली गेली असेल तर नवे पॅड टाकून उपयोग नाही. ठीक असेल तर दोन्ही बाजूंना ब्रेक क्लीनर मारून स्वच्छ फडक्याने पुसा. त्यानंतर डिस्कला आणि नव्या पॅडच्या तोंडाला उघडं बोट लावू नका.

जोडणी उलट क्रमाने. आधी पत्र्याची स्प्रिंग, मग पॅड. पॅडचे कान त्यांच्या खाचेत बसल्याचं डोळ्यांनी बघा. पिन पॉलिश पेपरने गुळगुळीत करून घाला. पॅड पिनेवर सरकतात, म्हणून तिच्यावर खड्डा किंवा पायरी पडली असेल तर नवी घ्या. किंचित सिलिकॉन ग्रीस चालतं, पण ते पॅडच्या तोंडाला लागता कामा नये. बोल्टचा टॉर्क, म्हणजे तो किती जोराने कसायचा हे, गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. कॅलिपरचे बोल्ट पुष्कळ लहान गाड्यांना २५ ते ३० न्यूटन-मीटर, पॅडची पिन १७-१८ च्या आसपास असते. म्हणजे पिन बोल्टपेक्षा पुष्कळच कमी कसायची असते, आणि लोक नेमकी तीच पिळतात. मग पुढच्या वेळी ती निघत नाही. काही गाड्यांच्या बोल्टवर तो सैल होऊ नये म्हणून लॉकचा थर लावलेला येतो, तो निघून गेला असेल तर मॅन्युअल सांगतं तसा नवा बोल्ट किंवा थ्रेडलॉक वापरा.

आता या सगळ्या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गाडी सुरू करण्याआधी लिव्हर पंप करा. पिस्टन पूर्ण मागे आहेत, पॅड डिस्कपासून लांब आहेत, पहिल्या दाबाला लिव्हर थेट हँडलला टेकेल. दहा-पंधरा वेळा दाबा, कडक लागला की थांबा. हे विसरून गाडी गेटबाहेर काढली तर पहिला ब्रेक लागणारच नाही, आणि ते समजेल समोर ऑटो आल्यावर. कडक झाल्यावर डबीची पातळी दोन खुणांच्या मध्ये आणा आणि झाकण लावा.

पंप करूनही लिव्हर स्पंजासारखा राहिला तर आत हवा आहे. निप्पलला नळी, नळीचं तोंड ऑईलमध्ये, लिव्हर दाबून धरा, निप्पल उघडा, बंद करा, मगच लिव्हर सोडा. बुडबुडे थांबेपर्यंत हेच, आणि दरम्यान डबी रिकामी होऊ देऊ नका. झाकणावर लिहिलेलं डॉट ३ किंवा डॉट ४ तेच घाला, डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं आणि यात मिसळत नाही. डॉट ४ चा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश, पाणी शोषल्यावर किमान १५५. म्हणून नागपूरच्या ४५ अंशांना दोष देऊ नका, तेवढ्याने ब्रेक ऑईल उकळत नाही. दोष असतो तो गेल्या पावसाळ्यात उघडून कपाटात ठेवलेल्या बाटलीचा. हे ऑईल हवेतलं पाणी ओढतं. उघडलेली बाटली पुढच्या वर्षी वापरू नका, आणि गाडीतलं ऑईल दर दोन वर्षांनी बदला.

नवे पॅड पहिल्या दिवशी पूर्ण पकडत नाहीत. त्यांचा पृष्ठभाग डिस्कशी जुळायला हवा. सकाळी लवकर मिहानच्या बाजूचे रुंद रस्ते किंवा आऊटर रिंग रोडचा रिकामा पट्टा गाठा, ४० ते ५० च्या वेगावरून १० पर्यंत मध्यम दाबाने गाडी आणा, अर्धा मिनिट मोकळी चालवून डिस्क गार होऊ द्या, असं आठ-दहा वेळा. ब्रेक दाबून गाडी पूर्ण उभी करून तसंच धरून ठेवू नका, तापलेल्या पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि पुढे लिव्हर थरथरतो. सेमिनरी हिल्सचा उतार या चाचणीसाठी नको. त्यानंतर पहिले दीड-दोनशे किलोमीटर समोरच्या वाहनापासून अंतर जास्त ठेवा.

घरी आल्यावर पुढचं चाक उचलून हाताने फिरवा. हलकी सरसर चालेल, अडखळणं नाही. पाच किलोमीटर ब्रेक फारसा न लावता चालवून डिस्कजवळ हात न्या, चिकटवू नका. झळ येत असेल तर पॅड अजून घासताहेत, पिना परत बघा. ब्रेक लावताना बारीक किंचाळी येत असेल तर शिम राहिली का आणि स्प्रिंग नीट बसली का ते तपासा. काही पॅड पहिल्या आठवड्यात आवाज करतात आणि मग गप्प होतात. शंभर किलोमीटर झाले की दोन्ही बोल्ट आणि पिन त्याच टॉर्कवर एकदा तपासून घ्या.